पोरीला शूटिंग शिकवायचंय, स्वस्तातली रायफल घेऊ का?

मागच्या रविवारी शूटिंग रेंजच्या पायरीवर एक गृहस्थ बसलेले, शेजारी सातवी-आठवीतला मुलगा आणि मुलाच्या मांडीवर नवीन एअर रायफलचं, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रे मारणाऱ्या रायफलचं, खोकं, अजून टेप पण काढलेली नव्हती. मला म्हणाले, सर आत आहेत का, पोराला नाव घालायचंय, रायफल आणलीय आमची. खोक्यावर मोठ्या अक्षरात वेग हजार फूट पर सेकंद, दुर्बीण मोफत, छर्‍यांचा डबा मोफत. मी हसून बोललो त्यांच्याशी, आत सोडलं, पण पोटात कालवलं मला. कारण दोन वर्षांपूर्वी तेच खोकं घेऊन मी आलो होतो आणि त्याचं बिल माझ्या लेकीने भरलंय, पैशात नाही, दुसऱ्या पद्धतीने. हा प्रश्न मला आता आठवड्याला एकदा तरी कोणीतरी विचारतं, फोनवर सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

१ ऑगस्ट २०२४ आठवतोय ना. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, ४५१.४ स्कोअर, त्या इव्हेंटमध्ये भारताचं पहिलंच ऑलिम्पिक मेडल. कोल्हापूरला तसं शूटिंग नवीन नाही, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला गोल्ड आणलं, पण स्वप्नीलच्या मेडलनंतर जे झालं ते वेगळंच होतं. मिरवणूक बघून आल्यावर माझी लेक, तेव्हा बारा वर्षांची, रात्री जेवताना म्हणाली पप्पा मला पण शिकायचंय. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, घरात नेमबाजीचा कोणाला गंध नाही. चौकशी न करता गणपतीच्या आधी एका दुकानातून साडेनऊ हजाराची रायफल घेऊन आलो. दुकानदार म्हणाला शिकायला ही बेस्ट, आधी स्वस्तातलीवर हात बसू दे, मग भारीतली घ्या. ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. सायकल शिकवताना आपण हेच करतो की.

आता ही रायफल म्हणजे काय प्रकार असतो ते सांगतो. नळी मधून मोडायची, मोडताना आत एक जाड स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, नळी बंद करायची. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. यात गोम अशी आहे की पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढे झटका खाते, आणि हे दोन्ही धक्के छर्रा अजून नळीत असतानाच बसतात. म्हणजे तुम्ही नेम धरला, ट्रिगर ओढला, आणि त्यानंतर रायफल हलली, आणि हलून झाल्यावर छर्रा बाहेर पडला. रायफल ज्या जागी धरलीय, जितकी घट्ट किंवा सैल धरलीय, त्यात गोळीगणिक थोडा जरी फरक पडला तर छर्रा दुसरीकडे. कसलेला माणूस ती सांभाळतो, त्याचा हात रोज तसाच बसतो. पण जो शिकायला आलाय त्याचा हात एकसारखा बसत नाही हीच तर त्याची अडचण आहे ना.

१० मीटरचं टार्गेट ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटर. आणि छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. अख्खं टार्गेट साडेपंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे तळहातात मावेल. मोठ्या स्पर्धेत पॉइंटचा पण दहावा भाग मोजतात, सर्वात चांगला शॉट १०.९, आणि मध्यापासून पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गेला.

लेकीला दिवाळीनंतर रेंजवर घातलं, रायफल आपलीच. पहिले दोन महिने सर काही बोलले नाहीत, बाकीची पोरं क्लबच्या रायफलवर आणि ही आपल्यावर. पोरगी मेहनती आहे, सकाळी साडेपाचला उठून तयार. पण कागद बघितला की छर्रे सगळीकडे. वर, खाली, उजवीकडे, कशाचा कशाला मेळ नाही. दोन शॉट नऊला लागले की तिसरा पाचला. ती माझ्याकडे बघायची आणि मी, मला खरंच वाईट वाटतं आता लिहायला, मी म्हणायचो लक्ष दे, नीट धर, हलू नको. एका शनिवारी घरी येताना गाडीवर मागे बसून रडत होती, हेल्मेटमुळे मला कळलंच नाही, घराखाली उतरल्यावर दिसलं. म्हणाली पप्पा माझ्याच्याने होत नाही हे, माझा हातच खराब आहे.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. त्यांनी काही न बोलता रायफल घेतली, टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, त्यावर रायफल टेकवली आणि स्वतः पाच गोळ्या मारल्या. सर राज्य पातळीवर खेळलेले आहेत. कागद माझ्या हातात दिला. मी सवयीने खिशातला व्हर्निअर, बारीक माप घ्यायचं साधन, काढला आणि मोजलं, छर्‍यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत बारा मिलिमीटर पसरलेले. वाळूच्या पिशवीवरून, सरांच्या हातून.

मग त्यांनी क्लबची जुनी जर्मन रायफल तशीच टेकवून पाच मारल्या. एकच भोक, कडा जरा फाटलेल्या. पाच छर्रे एका भोकातून गेलेत हे मला कागद उजेडात धरून बघावं लागलं.

माझं सगळं आयुष्य गेजवर, म्हणजे मोजायच्या साधनांवर, गेलंय. आमच्याकडे एखादा जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, रिजेक्ट व्हायला लागला की ऑपरेटरला कोणी ओरडत नाही आधी, आधी गेज तपासतात. एकाच माणसाने एकच जॉब दहा वेळा मोजला आणि दहा वेळा वेगळं रीडिंग आलं तर तो गेज बाजूला, त्यावर लाल स्टिकर, कारण त्या गेजने मोजून तुम्ही मशीनचं सेटिंग बदलत बसलात तर चांगलं चाललेलं मशीन पण बिघडवून ठेवाल. आणि हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो आणि माझ्या लेकीच्या हातात तीन महिने लाल स्टिकरवाला गेज देऊन तिलाच म्हणत होतो नीट धर. बारा मिलिमीटरचा पसारा म्हणजे मध्यापासून सहा मिलिमीटर. हिशोब करा, तिने अगदी १०.९ चा शॉट मारला असता तरी रायफल त्याला ८.६ करून दाखवणार, आणि कधी चुकीचा मारलेला शॉट नशिबाने दहात नेऊन टाकणार. तिला कळणार कसं काय बरोबर केलं आणि काय चुकलं?

माझ्या मते स्वस्त-महाग हा वाद इथेच संपतो. नव्या माणसाला रायफल हवी ती खरं बोलणारी हवी. जिंकण्यासाठी नाही म्हणत मी, शिकण्यासाठी. दहा वर्षं खेळलेल्याला आतून कळतं की शॉट कसा सुटला, छर्रा कुठेही जाऊ दे. नव्याला फक्त कागद सांगतो. आणि कागद खोटं सांगत असेल तर तो खोटंच शिकतो. माझ्या लेकीला धक्का यायच्या आधी खांदा आवळायची सवय लागलेली, ती सोडवायला सरांना अडीच महिने लागले. साडेनऊ हजारात ही सवय पण आली होती घरी.

ट्रिगरचं पण तसंच. आमच्या त्या रायफलचा ट्रिगर एवढा जड होता की बारा वर्षाच्या पोरीचं बोट पांढरं व्हायचं ओढताना, आणि कुठे सुटेल याचा पत्ता नाही, ओढत राहायचं. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास लावतात, दोन टप्पे असतात, पहिला टप्पा संपला की बोटाला भिंत लागल्यासारखं कळतं आणि मग नुसता विचार केल्यासारखा सुटतो. एअर पिस्तुलाला नियमानेच किमान ५०० ग्रॅम लागतो, तो पण स्वच्छ सुटणारा.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. शूटिंगची निम्म्याच्या वर प्रॅक्टिस गोळीशिवाय होते, ड्राय. घरात भिंतीवर ठिपका लावायचा, रायफलचा काळा गोल १० मीटरवर साडेतीस मिलिमीटरचा असतो, म्हणजे पाच मीटरचा पॅसेज असेल तर साधारण पंधरा मिलिमीटरचा गोल कापून चिकटवायचा, आणि रोज अर्धा तास उभं राहून नेम, श्वास, ट्रिगर. मॅच रायफलमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, हवा न सोडता ट्रिगर तसाच सुटतो. स्प्रिंगच्या रायफलला छर्रा न घालता चालवली तर पिस्टन पुढे हवेची गादी न मिळता धाडकन आदळतो, सील जातं, स्प्रिंग जाते. म्हणजे घरी फुकटात होणारी जी खरी प्रॅक्टिस तीच बंद.

हजार फूट पर सेकंदचं पण सांगतो कारण त्याला सगळे भुलतात. ऑलिम्पिकला जी एअर रायफल वापरतात तिचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर जातो, म्हणजे साधारण पावणेसहाशे फूट. कागदाला भोक पाडायला याहून जास्त कशाला पाहिजे, वेग वाढवला की धक्काच वाढतो. आणि ती मोफत दुर्बीण १० मीटरच्या ऑलिम्पिक इव्हेंटला चालतच नाही, तिथे मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे रिंग, भिंगाची दुर्बीण नाही. जाहिरातीत ती रायफल पक्ष्यांवर रोखलेली दाखवतात ते बघून तर संताप येतो, पक्षी मारणं गुन्हा आहे आपल्याकडे आणि घरातल्या लहान पोरांना आपण काय शिकवतोय.

मग स्वस्तातलं काहीच घेऊ नये का? तसं नाहीये. स्वस्त असणं हा दोष नाही, आतली यंत्रणा कुठली हे बघायचं, स्प्रिंगची की नळकांड्यात आधीच भरलेल्या हवेची.

पहिले चार-सहा महिने काहीच घेऊ नका. क्लबची रायफल कितीही जुनी, रंग उडालेली असू दे, तिच्यावर शिकवा. तेवढ्यात पोरगं टिकतंय का हे पण कळतं, दहातली सहा-सात सोडून जातात आणि त्यात वाईट काही नाही. हातात पैसे असतीलच तर जाकीट आणि बूट घ्या, अंगाला बरोबर बसणारे, आणि चांगले छर्रे. छर्‍यांवर काटकसर करू नका हे हात जोडून सांगतो. चपट्या तोंडाचे मॅचचे छर्रे, अर्धा ग्रॅमच्या आसपास वजन, ५०० चा डबा. लोकल डब्यातून मी एकदा वीस छर्रे कंपनीतल्या काट्यावर तोलून बघितले, एकाचा दुसऱ्याला मेळ नव्हता, दोन तर घेरात दबलेले होते.

सहा महिन्यांनी घ्यायचीच असेल तर माझं मत जुनी मॅच रायफल. नवीन जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल म्हणजे काही लाखांची गोष्ट, आपल्यासारख्या पगारदार माणसाला झेपत नाही. पण वाल्थर, फाइनवेर्कबाउ, श्टायर, अन्शुट्झ यांच्या पंधरा वर्षं जुन्या रायफली पण अजून एकाच भोकात मारतात, नळी साधारणपणे झिजतच नाही एवढ्या कमी दाबावर. खेळणारी मुलं मोठी झाली, नोकरीला लागली की विकतात. आम्ही जून २०२५ ला अशीच घेतली, १ लाख १५ हजार, त्यासाठी माझी एक एफडी मोडली आणि बायकोने भिशीचे पैसे घातले. घेताना सर्वात आधी सिलेंडर बघा, हवेचं नळकांडं, त्यावर तारीख कोरलेली असते, कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेलं सिलेंडर घेऊन स्पर्धेला गेलात तर ते चालत नाही, वर २०० बारचा दाब आहे, तो पोरीच्या गालाजवळ असतो, तिथे नशिबावर सोडू नये. आमच्यावर २०१७ आहे. मग रात्रभर भरून ठेवायला सांगा, सकाळी काटा उतरला असेल तर सील गळतंय. आणि वाळूच्या पिशवीवर दहा गोळ्या स्वतःच्या डोळ्यासमोर. विकणारा नको म्हणत असेल तर उठून या. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी फार जुनी रायफल स्वस्त मिळते पण ती टाळा, त्या गॅसचा दाब उन्हाळ्याने चढतो थंडीने उतरतो आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी लावलेली साइट दुपारी चालत नाही.

दुसरा मार्ग आपल्याकडे बनलेल्या रायफलींचा. पूर्वी देशी म्हटलं की स्प्रिंगचीच, आता तसं राहिलं नाहीये, प्रिसिहोलसारखी कंपनी, जी मुळात खोल भोकं पाडायची मशीनं बनवणाऱ्यांची आहे, तिने चांगली कामं केलीत आणि नळी हा शेवटी खोल भोकाचाच विषय आहे, मला मशीन शॉपवाला म्हणून याचा अभिमान वाटतो. पण घेताना नाव बघून नाही, मॉडेल बघून घ्या. भरलेल्या हवेवर चालते का, मागचा दस्ता आणि गालाची पट्टी वरखाली होते का, पीप साइट बसते का, ट्रिगर सेट होतो का. वाढत्या वयाच्या पोराला दस्ता लांब-आखूड होणं फार महत्त्वाचं, नाहीतर सहा महिन्यांत मान वाकडी करून नेम धरायला लागतं. डावखुरा असेल तर डाव्या हाताचंच बघा, उजव्यावर शिकवून टाकू नका त्याला.

स्प्रिंगवाल्या रायफलीची पण एक जागा आहे, ती नाकारणार नाही. जिल्ह्याला, राज्याला ओपन साइटची, म्हणजे पीप साइटशिवाय साध्या खाचेतून नेम धरायची, वेगळी इव्हेंट असते, तिथे बरीच पोरं साध्या देशी रायफलवर खेळतात आणि काही जण फार सुंदर खेळतात. गावाकडच्या शाळेत, जिथे रेंज म्हणजे भिंतीला लावलेलं पोतं आहे, तिथे तेवढीच परवडते आणि त्यातून पण पोरं पुढे आलीत. तिथे शिकवणारा जवळ उभा असतो आणि त्याला माहीत असतं की चूक कोणाची. आणि एकेकाळी जग स्प्रिंगवरच खेळायचं, पण तेव्हा जर्मनांनी धक्का घालवायला काय काय केलं बघा, फाइनवेर्कबाउने पूर्ण अ‍ॅक्शन (स्प्रिंग-पिस्टनचा सगळा भाग) रुळावर मागे सरकवली, डायाना कंपनीने उलट दिशांना धावणारे दोन पिस्टन घातले म्हणजे एकाचा धक्का दुसरा खाणार. असली जुनी रायफल कुणाच्या माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नका, मला सांगा.

पिस्तुलवाल्यांसाठी थोडक्यात, इझ-४६ नावाचं रशियन पिस्तूल, इझेव्हस्कचं, लिव्हर एकदा ओढून हवा दाबायची, सिलेंडर नाही, गळती नाही, मुदत नाही, प्रत्येक गोळीला तेवढीच हवा. रंगरूप शेतीच्या अवजारासारखं पण नेमाला पक्कं. मिळालं तर सोडू नका.

लायसन्सचं सगळे विचारतात. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअर, म्हणजे नळीचं भोक साडेचार मिलिमीटर, आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल असेल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही, मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. स्वप्नील खेळतो ती पॉइंट टू-टू, ती बंदूक आहे, तिला लायसन्स लागतं आणि तो पुढचा विषय, तीन-चार वर्षं एअर रायफल खेळल्यावरचा. लायसन्स लागत नाही म्हणून खेळणं समजू नका मात्र, डोळा जातो एका छर्‍यात. आमच्या घरात ती कुलपात असते, किल्ली माझ्याकडे.

आणि उलट बाजूने पण कोणी येतं, पैसे आहेत, सर्वात महागडी कुठली सांगा. त्यांना मी मनू भाकरचं सांगतो. टोकियोला २५ जुलै २०२१ ला १० मीटर पिस्तुलच्या क्वालिफिकेशनमध्ये तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला, जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक होतं ते, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ मारून बारावी आली, फायनल दोन पॉइंटांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने त्याच इव्हेंटमध्ये ब्राँझ घेतलं. महागडी रायफल घेतली म्हणून पोरगं सकाळी साडेपाचला आपोआप उठत नाही.

त्या गृहस्थांना काय सांगितलं ते राहिलंच. मी त्यांना म्हणालो खोकं उघडू नका, बिल असेल तर आज संध्याकाळीच परत करून बघा, दुकानदाराने नाही घेतलं तर तसंच ठेवा आणि पोराला क्लबच्या रायफलवर उभं करा. त्यांना पटलं का माहीत नाही, चेहरा उतरला बिचार्‍यांचा, मुलगा खोक्यावरून हात काढत नव्हता. त्याला मी आत नेलं आणि लेकीच्या मागे खुर्चीवर बसवलं.

ती तेव्हा शेवटच्या दहा गोळ्यांवर होती. प्रत्येक शॉटनंतर रायफल खाली न घेता, स्कोअर दाखवणाऱ्या स्क्रीनकडे न बघता, ती ओठात पुटपुटते, सरांनी लावलेली सवय आहे, शॉट कुठे गेला ते आधी आपण सांगायचं. एक शॉट सुटला आणि ती म्हणाली, घाई झाली, खाली डावीकडे. मग मान वळवून स्क्रीन बघितली. ९.६, खाली डावीकडे. ती मुलाकडे बघून हसली आणि पुढचा छर्रा घातला.

सिलेंडरची मुदत २०२७ ला संपते, नव्या सिलेंडरसाठी दर महिन्याला पाचशे बाजूला टाकायला सुरुवात केलीय.